बिरूनानांची झडती

बिरूनाना माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत. आधी हातांकडे, मग खिशांकडे, मग पायांतल्या जोड्यांकडे. एवढं झालं की मान वर करून "राम राम" म्हणत. जालन्याला स्टेशनच्या बाजूला कापसाच्या जिनिंगा होत्या. त्यांतल्या एकीच्या फाटकावर त्यांनी वीस वर्षं काढली. त्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या माणसांपैकी एकाचाही त्यांना भरवसा नव्हता. मालकाचा नव्हता, आणि स्वतःचाही नव्हता.

त्यांच्याविषयी मी काही लिहावं, हे माझ्या मायला पूर्वी मुळीच आवडलं नसतं. बारा वर्षं आमच्या घरात त्यांचं नाव निघत नव्हतं. त्या जिनिंगला आग लागली आणि आळ माझ्या बाबांवर आला. गुन्हा शाबीत झाला नाही, पण आळही गेला नाही. बाबा तो घेऊनच परभणीला आले आणि तो घेऊनच वारले. मायला संशय असा, की पोलिसांच्या अमीनसाहेबांपुढं बाबांचं नाव घेतलं ते बिरूनानांनीच. मी शिकलो. आमच्या घराण्यात पहिला बी. ए. झालो, परभणीच्या शाळेत मास्तर झालो. लग्न झालं, मुलगी झाली. माय मात्र दर दिवाळीला एकच म्हणायची, "येक डाव जालन्याला ने मला. त्याला तोंडावर इचारायचंय, तू माझ्या मालकाचं नाव सांगितलं का न्हाई."

आधी नानांचं काम सांगतो. जिनिंगमध्ये दसऱ्यापासून होळीपर्यंत कापूस येतो. सरकी वेगळी, रुई वेगळी होते. आवारात कापसाच्या गंजी घराएवढ्या उंच रचलेल्या असतात आणि हवेत तंतू तरंगत असतात. एक ठिणगी पडली तर घागरभर पाणी आणायलाही वेळ मिळत नाही. म्हणून फाटकात झडती. बिडी, काडीपेटी, चकमक, जे काही पेटतं किंवा पेटवतं ते बाहेर ठेवायचं. फाटकाच्या आतल्या भिंतीत लहान लहान कोनाडे होते. प्रत्येक कामकऱ्याचा एक कोनाडा ठरलेला. नानांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण संध्याकाळी भोंगा झाला की ते न विचारता ज्याची त्याची काडीपेटी ज्याच्या त्याच्या हातात ठेवत.

ते धनगर. वाटूरकडच्या एका वाडीचे. तरुणपणी मेंढरं राखली, मग दुष्काळात कळप गेला आणि ते जालन्याला आले. मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहून मेंढरू मेंढरू हाताखालून घालायची सवय त्यांना होती. तीच फाटकावर कामाला आली. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि दुसरा हात सतत पुढं. माणूस आत शिरताना तो हात त्याच्या छातीवरून, कमरेवरून, धोतराच्या सोग्यावरून असा फिरे की माणसाला कळायच्या आत झडती झालेली असे. बायकांना ते हात लावत नसत. "ओचा झाडा बायांनो," म्हणून पाठ फिरवून उभे राहत आणि कानानं ऐकत. काडीपेटी पडली तर आवाजावरून ओळखत.

त्यांचा कान खरोखर विलक्षण होता. काडीपेटी कानाशी धरून एकदा हलवायची आणि आत किती काड्या आहेत ते सांगायचं. "सात हायेत. सांजच्याला सातच भेटतील." नवीन कामकरी मुद्दाम पैज लावत. आंबेकर नावाच्या एका मुकादमानं एकदा काडीपेटीत काड्यांबरोबर बाभळीचे दोन काटे घालून दिले. नानांनी हलवली, थांबले, पुन्हा हलवली आणि म्हणाले, "नऊ काड्या. आन् दोन तुझ्यासारखे." त्यानंतर पैज कुणी लावली नाही.

"मानूस वाईट नस्तो," असं ते नेहमी म्हणत. "खिसा वाईट अस्तो."

त्यांच्या घरी गेलेल्या माणसाला हसू आवरत नसे. घर फाटकापासून हाकेच्या अंतरावर. तिथंही नाना रोज सकाळी काडीपेटी हलवून बघत. "काल चुलीला येक, देवाला येक. मंग तिसरी कुठं गेली?"

जनाकाकू तव्यावरची भाकरी उलटत म्हणत, "तिसरी तुमच्या मिशीला लावनार व्हते. पन तुमी जागे झाले."

एकदा मालकांचे नवे जावई पुण्याकडून आले. अंगात कोट, कोटाच्या खिशात चांदीची सिगारेटची डबी. मालक स्वतः जिनिंग दाखवायला घेऊन आले. नानांनी काठी आडवी धरली. मालक म्हणाले, "बिरू, जावई आहेत."

"बराबर हाय मालक. जावई बी तुमचे, गंजी बी तुमच्या. दोन्ही ऱ्हावं वाटत असंन तर डबी हितं ठिवा."

जावयांनी डबी ठेवली. जाताना नानांनी ती परत दिली, पण दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तशी.

अमीनसाहेबांची गोष्ट तर गावातल्या मस्तगड भागातल्या दुकानांतून वर्षभर चालली. ते कसल्याशा चौकशीला आले होते. नानांनी खिसे बघितले नाहीत. ते खाली बसले आणि साहेबांच्या बुटाच्या तळव्यावर नखानं टकटक केलं. तळव्याला लोखंडी खिळे होते. आतली फरशी दगडाची. खिळा दगडावर घासला की ठिणगी उडते. नाना म्हणाले, "हुजूर, जोडे काढा." साहेबांनी विचारलं, "और नही उतारे तो?" नाना म्हणाले, "तर मला संगं आत घ्या. मी काठी घेऊन हुजूरच्या पायामागं चालतो. जिथं ठिणगी पडंन तिथं मी पडतो." साहेब हसले आणि बूट काढून पायमोज्यांवर आत गेले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ते सगळ्यांनी पाहिलं, फक्त नानांनी पाहिलं नाही. त्यांची नजर बुटांवरच होती.

पण त्यांची सगळ्यांत निराळी रीत सकाळी पाहायला मिळे. फाटक उघडायच्या आधी नाना दोन्ही हात वर करून उभे राहत आणि पहिला जो कामकरी येईल त्याला म्हणत, "घे माझी झडती." स्वतः बिडी ओढत नव्हते, तंबाखूही नाही. तरी खिसे उलटे करून दाखवल्याशिवाय फाटकाच्या कडीला हात लावत नसत. पहिला येणारा माणूस जवळजवळ नेहमी एकच. माझे बाबा, किसन. इंजिनघरात आणि सरकी काढणाऱ्या रेच्यांना तेल घालायचं काम त्यांचं, म्हणून ते सगळ्यांच्या आधी येत. बाबा फार बिडी ओढत. त्यांची काडीपेटी कोनाड्यात जायच्या आधी ते नानांची झडती घेत, अगदी मन लावून, बगलेपर्यंत. मग म्हणत, "साफ हाय नाना." नाना म्हणत, "आता तुझी दे." वर्षानुवर्षं ही दोन माणसं रोज सकाळी एकमेकांवर अविश्वास दाखवून दिवसाची सुरुवात करत आणि त्यांच्याइतका दोस्ताना मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

मला शाळेत घालायचं नानांनीच बाबांना सुचवलं, असं माय पूर्वी सांगायची. म्हणाले होते, "किसन, पोराला साळंत घाल. हितं आला तर मला त्याची बी झडती घ्यावी लागंन." माझ्या शिक्षणातला हा वाटा मी विसरलो नाही, आणि माय त्यांचं नाव टाळायची तेव्हा मला त्याचीच आठवण यायची.

आग लागली ती संक्रांतीनंतर चार-सहा दिवसांनी, भर दुपारी. इंजिनघराला लागून असलेली गंज पेटली, मग तिच्या शेजारची. माणूस कुणी गेलं नाही, पण दोन गंजी आणि तो हंगाम गेला. राख निवल्यावर इंजिनघरात, मोठा पट्टा फिरतो त्याच्या खाली, अर्धवट जळालेली काडीपेटी सापडली. आता प्रश्न एकच उरला. काडीपेटी आत गेली कशी?

नानांनी सांगितलं, "माझ्या फाटकातून गेली न्हाई. किसनची झडती मी घेतली व्हती. त्याच्यापाशी काही नव्हतं."

पण या सांगण्याला किंमत किती? बाबा निर्दोष म्हणजे नानांचं फाटकही निर्दोष. लोक म्हणाले, बिरू स्वतःला वाचवून राह्यला. मग कुणीतरी बाबांच्या तेलाच्या डब्याचा विषय काढला. नाना सगळं तपासतात, पण तेलाच्या डब्यात हात कोण घालतो? चिंध्यांखाली काडीपेटी बसते. किसन बिडीबाज आहे. इंजिनघरात किसनच जातो. नानांची जबानी झाली आणि तासाभरात बाबांना चौकीवर नेलं. चार दिवस बसवून ठेवलं. बाबा एवढंच म्हणत राहिले, "मी नेली न्हाई." सोडून दिलं तेव्हा त्यांना जालन्यात कुणी काम देईना. वाण्याच्या दुकानात गेले तर बोलणं थांबे. आम्ही परभणीला गेलो. नानांची नोकरी राहिली. मायच्या संशयाला एवढं पुरेसं होतं.

बाबा त्यावर घरात कधी बोलले नाहीत. एकच सवय त्यांना लागली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, की ते काडीपेटी ताबडतोब उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवत. माय विसरली तर रागावत. कधी न रागावणारा माणूस एवढ्यावरून ओरडे, "देवापाशी काडीपेटी ठिवू नका म्हन्लं ना!" आम्ही समजायचो, आगीचा धसका घेतलाय.

बाबा गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी मायला घेऊन जालन्याला निघालो. निजामाचं राज्य जायला तेव्हा वर्षभर राहिलं असेल. बरोबर माझी बायको कमल आणि दीड वर्षाची सुमन. स्टेशनावर माझे शाळेतले दोघे सोबती आले होते. मस्तगडात किराणा दुकान चालवणारा वसंता आणि शिलाईकाम करणारा रशीद. मी आनंदानं मोठ्यानं हाक मारली तर रशीदनं तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल भाई. तीन मान्सं येका जागी उभी ऱ्हायली की चौथा कान लावून राह्यला. चला जल्दी."

गाव ओळखीचं होतं आणि ओळख देत नव्हतं. कापसाच्या गाड्यांची रांग तशीच. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे झुपके अडकलेले, पेंडीचा वास, जिनिंगांचे भोंगे. पण चहाच्या दुकानापुढून गेलो की आतलं बोलणं थांबे, आणि पुढं गेलो की पुन्हा सुरू होई. माय हळूच म्हणाली, "तवा बी असंच व्हतं. मला वाटायचं आपल्यालाच बघून गप ऱ्हात्यात. आता समद्यालाच बघून गप ऱ्हात्यात."

वसंताच्या घरी जेवताना मायनं कशाला आलो ते सांगितलं. दोघेही सोबती गंभीर झाले. आगीविषयी जालन्यात ज्याचा त्याचा संशय होता.

वसंता म्हणाला, "काकू, माझं ऐका. नाना चोरून बिडी प्यायचा. दिवसभर हात बिड्यांत. मंग मोह व्हनार न्हाई का?"

"छट्," रशीद म्हणाला. "बाजूच्या जिनिंगवाल्यानं मानूस घातला व्हता. माझा मामू सांगायचा."

"तुझा मामू तर चंद्रावर बी बाजूच्या जिनिंगवाल्यानं डाग पाडले म्हनायचा."

माय म्हणाली, "झालं का तुम्हा दोघायचं? मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

आम्ही सगळे दुपारी फाटकावर गेलो. आता तिथं खाकी कपड्यातला नवा दरवान होता आणि लाकडाच्या फाटकाऐवजी लोखंडाचं. भिंतीतले कोनाडे बुजवले होते. पण फाटकाबाहेर भिंतीला टेकून, घोंगड्यावर, बिरूनाना बसले होते. डोळ्यांत फूल पडलेलं, दिसत जवळजवळ नव्हतं. त्यांच्यापुढं घोंगड्यावर काडीपेट्यांच्या रांगा. कामकरी दरवानाला झडती देत आणि काडीपेटी मात्र नानांपाशी ठेवून जात. नोकरी संपली होती, जनाकाकू वारल्या होत्या. काम सुटलं नव्हतं.

पावलं थांबल्याचं ऐकून ते म्हणाले, "कोन हाये? आत जायचं असंन तर हितं ठिवा."

मी पुढं झालो. त्यांनी हात पुढं केला, माझ्या कोटावर फिरवला, खिशातलं फाउंटनपेन काढून चाचपलं, आगगाडीची तिकिटं बाहेर काढली. "शिकलेला मानूस हाये," ते म्हणाले. "बाई बी हाये संगं. लेकरू हाये. बाई, पिशवी हलवा जरा."

कमलनं गोंधळून पिशवी हलवली.

"काडीपेटी हाये."

सुमनचं दूध तापवायला प्रवासात आणलेली. कमलनं ती काढून दिली. नानांनी कानाशी धरून हलवली. "अकरा."

कमलनं उघडून मोजल्या. अकरा होत्या. मी हसलो, आणि त्या हसण्यावरून त्यांनी मला ओळखलं असावं, कारण बाबांचं हसू माझ्याकडे आलं आहे असं सगळे म्हणतात. नानांचा हात तसाच राहिला.

"किसनचा का रे तू?"

माय पुढं झाली. "किसनचाच हाये. आन् मी किसनची बायको हाये. वळखलं का?"

"वळखलं."

"बारा वर्षं झाली. सरळ इचारते, सरळ सांगा. अमीनापुढं माझ्या मालकाचं नाव तुमी घेतलं?"

"न्हाई घेतलं."

"मंग तुमची जबानी झाली आन् तासाभरात त्यायला कामून उचललं?"

नाना समोरच्या काडीपेट्या बोटांनी सरळ करत राहिले. वसंतानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघ, लपवतोय. मलाही तसंच वाटलं.

"नाव न्हाई घेतलं," ते म्हणाले. "पन जे सांगायचं व्हतं ते बी न्हाई सांगितलं. अमीनानं ती जळकी काडीपेटी माझ्या हातात दिली. तवा मला दिसत व्हतं. तिच्यावर कुक्कू व्हतं. बोटाचा ठसा."

"कसलं कुंकू?" मी विचारलं.

"दसऱ्याला इंजिनाची पूजा व्हायची. मालकीनबाई ताट घेऊन यायच्या. हळद, कुक्कू, कापूर, निरांजन. त्या ताटात काडीपेटी व्हती. मालकाचे खिसे मी बघितले, जावयाची डबी काढून घेतली, हुजूरचे जोडे काढले. आन् ताट आलं तवा मी काठी बाजूला ठिवली आन् हात जोडले. देवाच्या ताटाची झडती कोन घेतं? ताटाला खिसा नव्हता, माय. म्हून माझा हात गेला न्हाई. ताट परत आलं तवा बी मी हलवून बघितलं न्हाई. काडीपेटी देवाच्या तसबिरीपाशी ऱ्हायली, पट्ट्याच्या वरच्या कोनाड्यात. हाराखाली. देवाची म्हून कोनी हात लावला न्हाई. इंजिन रोज हादरतं. तीन महिन्यात सरकत सरकत पट्ट्यावर पडली असंन, घासून पेटली असंन. का उंदरानं वढली असंन. ते मला ठाव न्हाई. पन गेली ती माझ्या फाटकातून. माझ्या डोळ्यापुढून."

"आन् तुमी म्हन्ले गेली न्हाई."

"म्हन्लो."

मायचा आवाज चढला. "आन् माझा मानूस चार दिवस चौकीत बसला!"

"त्याला ठाव व्हतं."

"काय ठाव व्हतं?"

"काडीपेटी कोनाड्यात हाये ते. तेल घालायला तो तिथंच जायचा. रोज दिसत आसंन. चौकीवरून सुटून आला, फाटकात आला. मी हात वर केले. म्हन्लं, किसन, घे झडती. त्यानं घेतली न्हाई. म्हन्ला, 'नाना, मी काही बोललो न्हाई. तुमी बी बोलू नका. मला दुसरीकडं काम भेटंन. तुमाला या फाटकाबिगर दुसरं काय येतं?' आन् गेला. तवापासून माझी झडती कोनी घेतली न्हाई."

माझा विश्वास बसला नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. स्वतःची लाज झाकायला म्हातारा माझ्या बापाला थोर करून राह्यला, असं मनात आलं. पुरावा काय? मी तसं विचारणारही होतो. तेवढ्यात मायकडे लक्ष गेलं. ती खाली बसली होती. नानांच्या पुढ्यातल्या काडीपेट्यांकडे बघत होती.

"देवापाशी काडीपेटी ठिवू नका," ती पुटपुटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलं का रे? आपल्याला वाटायचं धसका घेतला. त्यायला ठाव व्हतं." तिनं पदर तोंडाला लावला, आणि पदराआडून रागानंच म्हणाली, "मला तरी सांगायचं की! बारा वर्षं मी ह्या मान्साला शिव्या देऊन राह्यले. येक डाव सांगायचं!"

मी काही विचारलं नाही. बाबांची ती सवय आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हती.

थोड्या वेळानं मायनं डोळे पुसले. "नाना, हे मला सांगून भागनार न्हाई. ज्या फाटकात त्यायचं नाव गेलं त्या फाटकात सांगा."

"भोंगा होऊ दे," नाना म्हणाले.

भोंगा झाला. कामकरी बाहेर येऊ लागले, केसांवर, भुवयांवर रुई घेऊन. नाना भिंत धरून उठले, दोन्ही हात वर केले आणि ओरडून म्हणाले, "ऐका रे! बारा सालापूर्वीच्या आगीची काडीपेटी किसननं नेली न्हाई. माझ्यापुढून गेली. मी झडती घेतली न्हाई!"

पुढचे काही थांबले. बहुतेकांना ती आग माहीतही नव्हती. एक पोरगेलासा म्हणाला, "म्हाताऱ्याला ऊन लागलं." एका वयस्क माणसानं माझ्या कोटाकडे, कमलच्या साडीकडे बघितलं आणि शेजाऱ्याला, मला ऐकू येईल अशा बेतानं, म्हणाला, "किसनचं पोरगं दिसतंय. शिकून आलंय. म्हाताऱ्याला कायतरी दिलं असंन, त्याबिगर आजच कसं आठवलं?" मग सगळे वाकून आपापल्या काडीपेट्या उचलू लागले.

वसंता त्या माणसावर धावून जाणार होता, रशीदनं त्याला धरलं.

नाना हात खाली घेऊन बसले. "गर्दीला सांगून व्हत न्हाई," ते म्हणाले. "मेंढरं बी घोळक्यानं मोजता येत न्हाईत. येकेकाला सांगावं लागंन."

माय म्हणाली, "सांगा मंग."

रात्री वसंताकडे ती नीट जेवली. पुष्कळ दिवसांनी बाबांच्या गोष्टी सांगितल्या. गाडी सकाळी होती. टांग्यात बसल्यावर ती टांगेवाल्याला म्हणाली, "जिनिंगवरून घे."

"लांब पडंन मावशी."

"पडू दे."

उजाडून थोडाच वेळ झाला होता. पहिला भोंगा व्हायचा होता. कापसाच्या गाड्या रस्त्याकडेला सोडलेल्या. फाटक बंद होतं, दरवान अजून आला नव्हता. बिरूनाना फाटकापुढं उभे होते. घोंगडं खाली ठेवलेलं, दोन्ही हात वर. त्यांच्यासमोर त्या दिवशीचा पहिला कामकरी होता. तेलाचा डबा खाली ठेवून तो हसत हसत म्हाताऱ्याची झडती घेत होता, छातीवरून, कमरेवरून. नानांचे ओठ हलत होते. आम्हांला काही ऐकू आलं नाही.

टांगा पुढं गेला तशी मायनं मागं वळून पाहिलं, मीही पाहिलं. नानांचे हात वरच होते. झडती घेणाऱ्याचे हात मात्र त्यांच्या खिशापाशी थांबले होते, आणि तो आता हसत नव्हता.